थर्मोस्टॅटला भोक पाडण्याआधी, आणि पाडताना

गाडी गरम व्हायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. दुसरा सल्ला त्याला भोकं पाडायचा. पहिला सरळसरळ चुकीचा आहे. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, पण भोक किती, कुठे आणि कशासाठी हे समजून घेतलं तरच. हा लेख साध्या मेणाच्या थर्मोस्टॅटबद्दल आहे, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल. तो तपासायचा कसा, त्यात फायद्याचा बदल कोणता करता येतो आणि परत बसवताना काय काय बिघडतं, ते क्रमाने बघू.

थर्मोस्टॅट नेमकं काय करतो

आत एक पितळी डबी असते, तिच्यात मेण. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह बंद राहतो आणि कूलंट ब्लॉक, हेड, हीटर आणि बायपास (रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी वाट) एवढ्यातच फिरतं. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगतं, आतली पिन ढकलतं, स्प्रिंगच्या विरुद्ध व्हॉल्व्ह उघडतो आणि रेडिएटरचा रस्ता मोकळा होतो. डबीवर किंवा कडेच्या चकतीवर ८२, ८८ असा जो आकडा ठोकलेला असतो तो व्हॉल्व्ह उघडायला सुरुवात होण्याचा. पूर्ण उघडायला त्यावर आणखी १० ते १५ अंश लागतात. म्हणजे ८२ चा थर्मोस्टॅट साधारण ९५ च्या आसपास पूर्ण उघडा असतो.

तो एकदा पूर्ण उघडला की त्याच्या हातात काही उरत नाही. त्यापुढे रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप यांचं काम. तुमची गाडी चढावर ११० पर्यंत जात असेल तर तिथे ८२ चा थर्मोस्टॅटही पूर्ण उघडा आहे आणि ७६ चाही. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे, तेव्हा ते नीट पचवून मगच पान्हा हातात घ्या.

मग थर्मोस्टॅट काढून टाकला तर गाडी निदान थंड तरी राहील ना? कमी भार असताना राहते, अगदी नको तितकी थंड. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंजिन अजून गरमच झालं नाही असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि ऑइलमधली वाफ न उडाल्याने आत चिखल साठतो. खरी गंमत भार वाढल्यावर कळते. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरचा व्हॉल्व्ह उघडला की ती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच नसला की बायपास कायमचा उघडा, आणि कूलंटचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घिरट्या घालतो. थंड करण्यासाठी काढला आणि गाडी उलट जास्त तापली, हे असं घडतं. पाणी फार जोरात पळतं म्हणून रेडिएटरमध्ये उष्णता टाकायला वेळ मिळत नाही, हे स्पष्टीकरण लोकप्रिय असलं तरी खरं नाही.

आधी दुखणं ओळखा

गाडी गरम कधी होते यावरून निम्मं निदान होतं. उभ्या गाडीत किंवा रहदारीत गरम होते आणि वेग धरला की तापमानाचा काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर: मोटर, रिले, फॅन स्विच (ठरावीक तापमानाला पंखा लावणारा) किंवा व्हिस्कस कपलिंग (इंजिनावर फिरणाऱ्या पंख्याचा जोड). उलट, उभी असताना ठीक पण वेगात किंवा लांब चढावर गरम होते, तर रेडिएटर आतून चोंदलेला, त्याच्या जाळीत माती-किडे अडकलेले, रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) पंपाच्या ओढीने चपटा होत असलेला, किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असलेला. इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत काटा लाल रेघेकडे धावतो आणि वरचा होज मात्र कोमटच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत हवा आहे. काटा वर आणि हीटरमधून थंड वारा, हीही हवेचीच किंवा कूलंट कमी असल्याची खूण. थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय. तिथे थर्मोस्टॅटवर वेळ घालवू नका.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका. अलीकडच्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. आतलं तापमान पंधरा-वीस अंशांनी हललं तरी काटा जागचा हलत नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) लावून खरा आकडा बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर हाउसिंगच्या, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या घराच्या, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा, नाहीतर तो बराच कमी आकडा दाखवतो.

रेडिएटरचं झाकणही तपासून घ्या. पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण १.१ बारच्या झाकणाखाली साधारण १२० पर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर चिरलं असेल तर हा सगळा फायदा जातो, आणि लोक दोष थर्मोस्टॅटला देत बसतात.

कोणता बदल करण्यासारखा आहे

पहिला आणि बहुतेकांना पुरेसा: कंपनीने दिलेल्याच आकड्याचा नवा थर्मोस्टॅट. यात बदल असा काहीच नाही, पण जुना अर्धाच उघडत असेल तर मिळणारा फरक बाकी कुठल्याही जुगाडापेक्षा मोठा असतो.

दुसरा: ५-६ अंशांनी खालचा थर्मोस्टॅट, म्हणजे ८८ ऐवजी ८२. यामुळे रेडिएटरचा रस्ता लवकर उघडतो आणि चढ सुरू होताना हाताशी थोडी जास्त सवलत असते. चढ लांबला तर ती सवलत संपते आणि तापमान पूर्वी जिथे टेकत होतं तिथेच जाऊन टेकतं. पंखा पूर्वीच्याच आकड्याला, समजा ९८ ला, लागत असेल तर उभ्या गाडीत ८२ च्या थर्मोस्टॅटचा काहीही उपयोग नाही, कारण हवा फिरल्याशिवाय रेडिएटर थंड होत नाही. म्हणून जुन्या गाडीत फॅन स्विचही त्याच प्रमाणात खालचा घालावा लागतो. तो इतकाही खालचा नको की थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याआधीच पंखा लागेल. तसं झालं तर पंखा बंद व्हायचं नावच घेत नाही. ज्या गाडीत पंखा ईसीयूच चालवतो तिथे स्विच बदलण्याचा प्रश्न येत नाही, आणि अशा गाडीत खालचा थर्मोस्टॅट घालण्यात फारसा अर्थही नाही.

तिसरा: कडेच्या स्थिर चकतीत ३ मिलिमीटरचं एकच भोक. हा बदल मुख्यतः कूलिंगसाठी नाही, हवेसाठी आहे. कूलंट भरताना बंद थर्मोस्टॅटच्या मागे हवेचा फुगा अडकतो. मेणाची डबी त्या फुग्यात कोरडी राहिली की तिला खरं तापमान कळत नाही, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, तोवर हेडमध्ये कूलंट उकळायला लागलेलं असतं. भोकातून ती हवा निघून जाते. शिवाय थोडं गरम कूलंट सतत पलीकडे झिरपत राहिल्याने व्हॉल्व्ह पहिल्यांदा उघडताना होणारी तापमानाची उडी-घसरण कमी होते.

बऱ्याच थर्मोस्टॅटला हे भोक कारखान्यातूनच येतं. त्यात एक सैल पिन असते, जिगल पिन म्हणतात तिला. थर्मोस्टॅट कानाजवळ धरून हलवा, ‘टिक टिक’ असा बारीक आवाज आला तर पिन आहे आणि मोकळी आहे. इंजिन बंद असताना ती खाली लोंबते आणि हवा जाऊ देते. पंपाचा दाब आला की भोकावर बसते. साध्या भोकापेक्षा ही सोय चांगली आहे. पिन असेल तर भोक पाडू नका.

काही ठिकाणी हातच लावू नका. ज्या थर्मोस्टॅटला वायरचा कनेक्टर आहे त्यात मेणाला गरम करणारा हीटर असतो आणि तो ईसीयू चालवतो; तो जसा आहे तसाच नवा घाला. प्लॅस्टिकच्या हाउसिंगसकट एकत्र येणाऱ्यालाही भोक नको. आणि वरच्या होजऐवजी खालच्या होजच्या टोकाला हाउसिंग असेल, म्हणजे थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडाशी इनलेटवर असेल, तर तो बायपासचं गरम आणि रेडिएटरचं थंड अशा मिश्रणावर काम करतो. तिथे भोक पाडून थंड पाणी आत सोडलं की हिशोब बिघडतो.

पातेल्यातली परीक्षा

जुना असो वा नवा, बसवण्याआधी उकळून बघाच. नवे थर्मोस्टॅटही सदोष निघतात आणि ते गाडीत बसवल्यावर कळलं तर सगळं काम पुन्हा.

स्वयंपाकात पुन्हा न वापरायचं एक पातेलं घ्या. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह हाताने किंचित उघडून फटीत नायलॉनचा दोरा अडकवा आणि सोडा. आता तो दोऱ्याला लोंबकळेल. दोरा आडव्या काडीला बांधून थर्मोस्टॅट पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा ठेवा. तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. थर्मामीटरचं टोक डबीशेजारी. मंद आचेवर, पाणी ढवळत, ७० च्या पुढे तर अगदी सावकाश तापवा. व्हॉल्व्ह उघडायला लागला की दोऱ्यावरची पकड सुटते आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो. तो आकडा टिपा. ठोकलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे चालेल.

तसंच उकळीपर्यंत न्या, चिमट्याने बाहेर काढा आणि लगेच व्हर्निअरने व्हॉल्व्ह किती उचललाय ते मोजा. सर्वसाधारण कारमध्ये ८ मिलिमीटरच्या आसपास उचल मिळते. ३-४ वरच थांबत असेल तर टाकून द्या. थंड होताना तो पूर्ण बसतो का तेही बघा. उजेडासमोर धरल्यावर कडेने फट दिसता कामा नये. ९२ च्या पुढच्या थर्मोस्टॅटची पूर्ण उचल उकळत्या पाण्यातही दिसणार नाही, तिथे फक्त सुरुवात तपासता येते.

भोक पाडणं

आकाराचा मोह आवरा. ३५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह ८ मिलिमीटर उचलला की कडेने सुमारे ८८० चौरस मिलिमीटरचा रस्ता मिळतो. ३ मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ ७, म्हणजे एक टक्काही नाही. व्यास दुप्पट करून ६ केला की क्षेत्रफळ चौपट होतं, २८. ही तीच गळती जी ३ मिलिमीटरची चार भोकं करतात. थंडीत एवढ्या गळतीने इंजिन गरमच होत नाही, आणि पूर्ण भारावर मात्र त्या २८ चा काही फायदा दिसत नाही.

जागा निवडताना रबरी रिंग चकतीवर चढवा आणि तिच्या आतल्या कडेने पेनने रेघ मारा. भोक या रेघेच्या आत आणि व्हॉल्व्हच्या बैठकीच्या बाहेर यायला हवं. रिंगखाली गेलं तर भोक असून नसल्यासारखं. मागच्या बाजूला स्प्रिंग धरणाऱ्या पट्टीचे पाय कुठे जोडलेत तेही बघून घ्या. हलणाऱ्या व्हॉल्व्हच्या चकतीत भोक पाडू नका. ती वाकली की व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसत नाही.

चकतीची कड लाकडाच्या दोन तुकड्यांत धरून व्हाइसमध्ये हलके आवळा. डबीला व्हाइसचा जबडा लागू देऊ नका. सेंटर पंचने हलकी खूण, मग १.५ चा बिट, मग ३ चा. चकती स्टीलची असेल तर वेग कमी ठेवून तेलाचा थेंब टाका. जोरात फिरवलं की धातू तिथेच कडक होतो आणि बिट नुसता घासत बसतो. भोकाच्या दोन्ही बाजूंची खरखर मोठा बिट हाताने फिरवून काढा. धातूचा कीस ब्रशने आणि पाण्याने धुऊन टाका, कारण तो गेलाच तर पंपाच्या सीलमध्ये जातो. यानंतर पातेल्यातली परीक्षा परत एकदा.

बसवणं

१. इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंट गरम असताना झाकण उघडलं तर दाब एकदम सुटून उकळतं कूलंट तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही गाड्यांत पंखा चावी बंद असतानाही सुरू होतो.

२. रेडिएटरखाली स्वच्छ परात ठेवून कूलंट हाउसिंगच्या पातळीखाली येईपर्यंत काढा आणि किती निघालं ते मापाने मोजून लिहा. हा आकडा पुढे लागणार आहे. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. परात उघडी सोडली तर कुत्री-मांजरं चाटतात.

३. हाउसिंगचे बोल्ट काढण्याआधी जुन्या थर्मोस्टॅटची दिशा दिसेल असा फोटो काढा. बोल्ट जाम असेल तर जोर लावू नका, भेदक तेल मारून थांबा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटलेला बोल्ट काढणं हे या सगळ्या कामापेक्षा मोठं काम आहे.

४. दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा. लोखंडी पात्याने चरा पडला की गळती कायमची. आत कापडाचा बोळा घाला, म्हणजे कचरा ब्लॉकमध्ये पडणार नाही. काम झाल्यावर बोळा आठवणीने काढा. हसू नका, तो राहतो.

५. डबी आणि स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. उलटा बसवला तर मेणाला गरम कूलंट लागतच नाही, आणि तो उघडेपर्यंत इंजिन उकळलेलं असतं. भोक किंवा पिन सगळ्यात वर, घड्याळातल्या बाराच्या जागी. थर्मोस्टॅट आडवा झोपलेला असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधली खूण पाळा.

६. नवी रबरी रिंग किंवा नवं पॅकिंग. रबरी रिंगला सिलिकॉन लागत नाही. कागदी पॅकिंगला लावलाच तर अगदी पातळ; आतल्या बाजूला दाबून आलेले तुकडे थेट रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात.

७. थर्मोस्टॅट त्याच्या खाचेत पूर्ण बसलाय हे बोटाने चाचपून मगच हाउसिंगचं झाकण ठेवा. बोल्ट हाताने, मग आळीपाळीने. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात. चकती खाचेतून सरकली असेल तर बोल्ट आवळताना झाकणाचा कान तुटतो.

भरणं आणि हवा काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. कूलंट आधीच मिसळलेलं घेतलं असेल तर त्यात पाणी घालू नका. रंगावरून जात ओळखू नका, डब्यावरचा प्रकार मॅन्युअलशी जुळवा. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं हे खरं, पण गंज आणि पंपाच्या सीलची झीज बघता तो सौदा परवडत नाही.

गाडीचं तोंड थोडं चढावर करा, म्हणजे रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच जागा होईल. हीटरची कळ पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. बारीक धारेने भरा, मधून मधून वरचा होज हाताने दाबा. दर दाबाला गुडगुड आवाज येऊन पातळी खाली जाते. आवाज थांबेपर्यंत दाबत राहा.

आता कूलंट काढताना लिहून ठेवलेला आकडा बघा. अडीच लिटर काढलं होतं आणि दोनच लिटर आत गेलं, तर अर्धा लिटर हवा अजून आत आहे.

बॅटरी जोडा आणि रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालवा. थर्मोस्टॅट उघडताच वरचा होज एकदम तापतो आणि पातळी पटकन खाली जाते. तेव्हा भरा. कूलंट फुगून वर यायला लागलं की झाकण लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून सलग गरम वारा यायला हवा.

आकडे काय सांगतात

स्कॅनर लावून चार नोंदी करा: वरचा होज तापला तेव्हाचं तापमान, पंखा लागला आणि बंद झाला ते दोन आकडे, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात टिकलेलं तापमान, आणि लांब चढाच्या शेवटचं. ८२ चा थर्मोस्टॅट असून सपाट रस्त्यावर ७० दिसत असेल तर भोक मोठं झालंय किंवा व्हॉल्व्ह बसत नाही. थोड्या दिवसांत चेक इंजिनचा दिवा आणि पी०१२८ हा कोड येतो. त्याचा अर्थ इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही एवढाच, सेन्सर बदलायला धावू नका. आकडा वरखाली उड्या मारत असेल तर हवा राहिली आहे. सपाटीवर सगळं ठीक आणि चढावर पूर्वीइतकंच तापत असेल तर थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. पुढची पाळी रेडिएटर आतून-बाहेरून साफ करण्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी परत बघा. पाव-अर्धा लिटर उतरलेली असणं नेहमीचं आहे; भरा आणि हाउसिंगच्या खालच्या कडेला बोट फिरवून ओल लागते का ते पाहा. तिसऱ्या दिवशीही पातळी उतरत असेल तर ती हवा नव्हे, गळती.